तीन गोष्टी बदलायच्या

२ सप्टेंबर, मंगळवार, सकाळ

नवी वही. जुनी भरली ती प्रेक्षकांच्या कौतुकानेच. यापुढे कौतुक लिहून ठेवायचं नाही. नम्रता हा या वर्षीचा संकल्प.

(स्टुडिओतल्या मेकअपवाल्या बाई म्हणाल्या की फादर, तुम्ही बोलायला लागलात की अंगावर काटा येतो. हे शेवटचं. यापुढे नाही.)

माझा ‘मन मोकळं’ हा कार्यक्रम आता मोठ्या चॅनेलवर. शुक्रवारी संध्याकाळी सातला, अर्धा तास. केबलवर होतो तेव्हा माझ्या आधीही गाद्यांची जाहिरात आणि नंतरही गाद्यांचीच. आता रस्त्यात लोक ओळखतात. काल एकाने थांबवलं, निरखून पाहिलं आणि विचारलं, त्या गाद्या अजून मिळतात का?

नम्रतेसाठी असे प्रसंग चांगले.

६ सप्टेंबर, शनिवार

संध्याकाळी कन्फेशनला, म्हणजे लोकांच्या पापांची कबुली ऐकायला बसलो. माझ्या जाळीच्या लाकडी पेटीसमोर पाचसहा जण. म्हाताऱ्या फादरांच्या कोपऱ्यात मात्र भिंतीपर्यंत रांग.

म्हातारे फादर म्हणजे माझ्या आधीचे इथले मुख्य. आता निवृत्त, माझ्या समोरच्या खोलीत राहतात. दोन्ही कानांनी ठार बहिरे. त्यांच्यापुढे पाप ओरडून सांगावं लागतं. माझ्याकडे नुसतं कुजबुजलं तरी चालतं. तरी गर्दी तिकडे!

विचार केल्यावर उलगडा झाला. मोठी पापं माझ्याकडे यायची, ती माझ्या कार्यक्रमामुळे बंद पडली. उरली किरकोळ, चारचौघांत ओरडायला हरकत नसलेली, ती तिकडे जातात. थोडक्यात, आमच्या धर्मग्रामातलं पाप घटलंय. बिशपांच्या कानावर घालायला हवं.

ऑर्गनवाल्या बाई आता शनिवारीही वाजवतात, नेमक्या कन्फेशनच्या वेळी आणि इतक्या मोठ्याने की बाजूच्या माणसाचंही ऐकू येत नाही. भक्ती वाढतेय.

९ सप्टेंबर, मंगळवार

रेकॉर्डिंग. निर्मातीबाई म्हणाल्या, तुमचं सगळं छान आहे, पण उदाहरणं पुस्तकी नकोत. लोकांना जिवंत माणसं लागतात.

त्यांना काय सांगणार! जिवंत माणसं माझ्याकडे दर शनिवारी येतात. पेटीतलं बाहेर काढायचं नाही हा नियम मला कुणी शिकवायला नको. म्हणून तर मी पद्धत बसवली आहे. तीन गोष्टी बदलायच्या, चौथी तशीच ठेवायची. तीन बदलल्या की माणूस ओळखू येत नाही. चौथी ठेवली की गोष्टीत जीव राहतो. नियमही पाळला जातो आणि कार्यक्रमही रंगतो. बोलणाऱ्याची बोरं विकतात ती अशी.

मागे वजनात मारणाऱ्या बेकरीवाल्याचा मी खाटीक केला, गाव बदललं, वय बदललं. फक्त तराजूच्या पारड्याखाली च्युइंगगम चिकटवायची ती त्याची युक्ती ठेवली. भाग तुफान चालला. बेकरीवाला हल्ली चर्चमध्ये मिस्सेला दिसत नाही. लोक म्हणे आधी त्याचं पारडं उलटं करून बघतात आणि मग पाव घेतात. आमच्या घरीही पाव येणं बंद झालंय. धंदा वाढल्यावर माणसाला जुने लोक आठवत नाहीत हेच खरं.

१४ सप्टेंबर, रविवार

दुपारी जेवायला धाकटी, मेहुणे आणि भाची.

धाकटी म्हणजे माझी पाठची बहीण. आई गेल्यावर तिचं सगळं मीच पाहिलं. मेहुणे लिफ्ट दुरुस्त करतात. असा जावई शोधून सापडणार नाही. शर्टाला एक सुरकुती नाही. आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. कार्यक्रमाचा एक भाग चुकवत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी फोन करून त्यातले मुद्दे सांगतात.

आज आमच्या न्हाणीघराची कडी फुकट बसवून दिली. हसत म्हणाले, आमच्या घरातली मी काढून टाकलीय, घरात लपवायचं काय असतं एकमेकांपासून? किती खरं! विषय म्हणून टिपून ठेवला. धाकटीचा फोनही तेच सांभाळतात, तिचं मन भलतीकडे जाऊ नये म्हणून.

धाकटीने उकाड्यातही लांब बाह्या घातल्या होत्या. मी चेष्टेने म्हटलं, काय गं, नन व्हायचा विचार आहे की काय? कुणी हसलं नाही. भाची वडलांकडे बघून मग घास घेत होती. मुलांना वळण असावं ते असं.

२० सप्टेंबर, शनिवार

आज जे झालं ते इथेही लिहिणार नाही. पेटीतलं पेटीतच.

मात्र रोजनिशीत लिहिणं म्हणजे काही सांगणं नव्हे. ही वही कुणी वाचत नाही.

म्हाताऱ्या फादरांना ताप होता, त्यामुळे आज मी एकटाच बसलो होतो. धाकटी आली. जाळीपलीकडून मला फादर म्हणाली. सख्खी बहीण! मीही नियमाप्रमाणे ओळख दाखवली नाही. म्हणाली, मी नवऱ्याशी खोटं बोलते. दर आठवड्याला मुलीचा एक कपडा उंची वाढवायला म्हणून चौकातल्या शिवणवालीकडे नेते आणि तो परत आणत नाही. सगळे कपडे तिच्याकडे जमले की मुलीला घेऊन निघून जाणार. खोटं बोलण्याचं पाप लागतं का, एवढंच तिला विचारायचं होतं.

मी चकित! असा नवरा सोडून? म्हणाली, हात उचलतात. मुलीसमोर उचलतात. मागच्या महिन्यात मुलीवरही उचलला. त्यांना कळलं तर मला जिवंत ठेवणार नाहीत.

बायका बोलताना वाढवतात, हे मी इतकी वर्षं या पेटीत बसून शिकलोय. लिफ्टचं काम तणावाचं असतं. प्रायश्चित्त म्हणून सांगितलं की घरी जा आणि नवऱ्याला सगळं खरं सांगून टाक. मी क्षमेची प्रार्थना म्हटली, ती संपायच्या आत धाकटी उठून गेली.

संसार वाचवला बहुतेक. बरं वाटतंय.

२२ सप्टेंबर, सोमवार

उद्या रेकॉर्डिंग आणि विषय नाही. निर्मातीबाईंचा तीनदा फोन. राष्ट्रीय चॅनेलची माणसं या आठवड्याचा भाग बघणार आहेत म्हणे. आवडला तर रोजचा कार्यक्रम. रोजचा!

विषय शोधतोय. क्षमा झाली, उपवास झाला, मोबाईलचं व्यसन दोनदा झालं. कपड्यांची गोष्ट मनातून जात नाही.

नाही. ती वापरायची नाही. ठरलं. काळ्या दगडावरची रेघ.

२३ सप्टेंबर, मंगळवार

वापरली.

पण पद्धतीने! मुलीचा मुलगा केला. शिवणवालीची लाँड्रीवाली केली. नवरा ट्रक चालवतो असं केलं. चौथी गोष्ट, म्हणजे दर आठवड्याला एक कपडा उंची वाढवायला नेऊन परत न आणणं, ही तशीच ठेवली. ती बदलली तर राहतं काय? नंतर मी कॅमेऱ्यात बघून म्हटलं, ताई, तू हे ऐकत असशील तर घर सोडू नकोस. आणि भाऊ, तू हे ऐकत असशील तर तिचं कपाट उघड, तिच्याशी बोल.

‘कपाट उघड’ हे मला आयत्या वेळी सुचलं. स्टुडिओत टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. कॅमेरामनने डोळे पुसले. निर्मातीबाई म्हणाल्या, जाहिरातीत हेच वापरू.

२४ सप्टेंबर, बुधवार

जाहिरात दुपारपासून दर तासाला. मी प्रत्येक वेळी बघत नाही. बहुतेक वेळी बघतो.

चारच्या सुमारास म्हातारे फादर दार न वाजवता आत. त्यांना ऐकू येत नाही म्हणून ते खालची अक्षरं वाचत टीव्ही बघतात. बोलण्याचा आवाज इतका मोठा की सगळ्या इमारतीने ऐकलं असेल. हे पेटीतलं आहे, म्हणाले. मी मान हलवून नाही म्हटलं. त्यावर ते ओरडले की असली गोष्ट कुणी चहा पिताना सांगत नाही.

मी कागदावर लिहून माझी पद्धत समजावली. तीन गोष्टी बदलल्या आहेत. त्यांनी विचारलं, चौथी? मी लिहिलं, चौथीमुळे गोष्टीत जीव येतो. ते म्हणाले, कुणाच्या जिवावर? भाग थांबव. पाया पडतो, थांबव. आणि खरंच वाकायला लागले, गुडघ्यांनी साथ दिली नाही म्हणून मधेच राहिले. मी धरून बसवलं.

वाईट वाटलं. पण यात मत्सराचा भाग किती? त्यांच्या काळात त्यांचं प्रवचन चर्चच्या फाटकाबाहेर ऐकू गेलं नव्हतं.

तरी निर्मातीबाईंना सहज विचारलं. उद्या दुपारपर्यंत बदलता येईल म्हणाल्या, पण मग राष्ट्रीय चॅनेलवाले काय बघणार? देवापुढे बसलो. प्रार्थनेत स्पष्ट होकार जाणवला.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी धाकटी आली. एकटी. असं कधी होत नाही. आत ये म्हटलं तर दारातच उभी राहिली.

कार्यक्रमाबद्दल विचारत होती! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. उद्याचा भाग नेमका सातलाच लागतो का? ती कपड्यांची गोष्ट सुरुवातीला आहे की शेवटी? मी सांगितलं, जाहिरातींच्या नंतर, साधारण सव्वासातला. मग म्हणाली, थांबवता येईल का? मी हसलो. म्हटलं, अगं, सुटलेला बाण कधी परत येतो का? आणि तुझं नाव कुठे आहे त्यात?

तिने माझ्याकडे पाहिलं. आईला कबरीत ठेवताना तिने असंच पाहिलं होतं. दादा, एवढंच म्हणाली. माझ्या बाहीला एक दोरा लोंबत होता, तो दाताने तोडला. भाचीचा टेबलावरचा फोटो काच बदलायला म्हणून घेऊन गेली. काच चांगली होती. असो.

ती गेल्यावर लगेच मेहुण्यांना फोन केला. म्हटलं, उद्या सातला कुठेही असा, घरी या, दोघं मिळून बघा. विषय नवराबायकोचाच आहे. त्यांनी आभार मानले, साहेबांना सांगून लवकर सुटतो म्हणाले.

किती सभ्य माणूस! आणि ही म्हणते हात उचलतात.

२६ सप्टेंबर, शुक्रवार, पावणेसात

हॉलमध्ये मोठा पडदा लावलाय, खुर्च्या मांडल्यात. महिला मंडळ दर शुक्रवारी पुढच्या दोन रांगा भरतं. आज एकही नाही. आमची स्वयंपाकीणबाई दुपारीच गेली, जेवण झाकून. चर्चची गाडी जागेवर नाही, ड्रायव्हरही नाही. ऑर्गनवाल्या बाईंच्या घरी फोन उचलत नाहीत. नेमके आजच सगळे कुठे मेले?

म्हातारे फादर शेवटच्या रांगेत. पडद्याकडे बघत नाहीत. हातात जपमाळ.

२६ सप्टेंबर, पावणेआठ

भाग उत्तम झाला. ‘कपाट उघड’ला माझ्याच अंगावर काटा आला.

सातवीसला फोन वाजला. मेहुण्यांचा नंबर. मी हॅलो हॅलो म्हणतोय, पलीकडून फक्त श्वास. मागे कपाटाचं दार आपटल्याचा आवाज. मग फोन बंद. भारावले असणार.

नंतर मी दोनदा लावला, उचलला नाही. जेवण गेलं नाही. ताट तसंच ठेवलंय.

२७ सप्टेंबर, शनिवार

सकाळच्या मिस्सेआधी मेहुणे आले. इस्त्रीचा शर्ट. खुर्ची ओढून बसले, हात मांडीवर. म्हणाले, गोष्ट छान होती. फक्त लाँड्रीत कपड्यांची उंची वाढवत नाहीत, फादर.

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. निर्मातीबाईंनी तरी बघायला नको?

मग म्हणाले, तुमची बहीण काल रात्री घरी आली नाही. मुलगीही नाही. मुलीच्या कपाटात एक स्वेटर शिल्लक आहे फक्त. हे सगळं त्यांनी कंपनीला बिघाड कळवावा तशा आवाजात सांगितलं. गोष्टीतली ती बाई कोण होती, फादर?

मी ताठ बसलो. म्हटलं, प्राण गेला तरी पेटीतलं माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही. ते हसले. त्यांचे दात मी आज पहिल्यांदा पाहिले. मग म्हणाले, बरं, ते राहू द्या. इथे कपड्यांची उंची कोण वाढवून देतं? मी म्हटलं, चौकातली शिवणवाली, निळ्या शटरचं दुकान. ते काही पेटीतलं नव्हतं. रस्त्यावर पाटी लावलेली आहे.

ते उठले, खुर्ची जागेवर ठेवली आणि गेले.

मिस्सा निम्म्यावर आली तेव्हा मला कळलं मी काय सांगितलं ते. वेदीवरचा पाव हातात होता. मिस्सा संपवून अंगावरच्या झग्यासकट चौकात पळालो. निळं शटर वर ढकललेलं, काच फुटलेली, शिलाई मशीन रस्त्यावर आडवं. सगळीकडे कापडाचे तुकडे. बाजूचा चावीवाला म्हणाला, बाई नाहीत. परवाच कुलूप लावून गेल्या. तो माणूस एकटाच होता आणि एक शब्द बोलला नाही. हे सांगताना चावीवाला माझ्याकडे बघत नव्हता.

देवा, ती कुठे आहे?

२८ सप्टेंबर, रविवार

चर्च गच्च भरलेलं. मी प्रवचनाला उभा राहिलो आणि शब्द सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा. दोन ओळी वाचल्या आणि बसलो. मिस्सेनंतर दारात उभा राहिलो तर सगळे बाजूच्या दाराने गेले.

स्वयंपाकीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मला काय ठाऊक, फादर, मी बरी, माझं काम बरं. ड्रायव्हर म्हणाला, शुक्रवारी गाडी गॅरेजला होती. ऑर्गनवाल्या बाईंना विचारलं तर त्यांनी स्वरांची वही चाळायला घेतली. म्हाताऱ्या फादरांपुढे ओरडलो, धाकटी कुठेय? त्यांनी कानाला हात लावून दाखवलं. आजवर माझे ओठ वाचायचे. आज मान फिरवली.

मेहुणे दुपारभर चर्चच्या फाटकासमोर गाडीत बसून होते.

२९ सप्टेंबर, सोमवार

धाकटीच्या घरी गेलो. मेहुणे कामावर. शेजारणीने माझ्याकडे बघून किल्ली दिली.

घर लख्ख. न्हाणीघराच्या दाराला कडीच्या जागी चार भोकं. झोपायच्या खोलीलाही कडी नाही. कडी नाही अशी दारं मी मोजली नाहीत, पण एकाही दाराला नव्हती. बाहेरच्या दाराला मात्र दोन, दोन्ही बाहेरून. गादीखाली भाचीची चित्रांची वही सापडली. त्यात कपाटात बसलेली मुलगी, पुन्हा कपाटात बसलेली मुलगी.

तिथेच पलंगावर बसलो. तिने मला सांगितलं होतं. सगळं नीट सांगितलं होतं आणि मी म्हटलं, घरी जा, त्याला खरं सांग. वही होती तिथे ठेवून निघालो.

तरी असं वाटतं की हेतू वाईट नव्हता. हे लिहून ठेवतो.

३० सप्टेंबर, मंगळवार

रेकॉर्डिंगला जाणार नव्हतो. राष्ट्रीय चॅनेलची माणसं आली आहेत असा निरोप आला म्हणून गेलो. त्यांनी चहा घेतला आणि विचारलं, त्या बाईचं पुढे काय झालं? पुढच्या भागात तिला आणता येईल का?

मेकअप न उतरवता निघालो, तसाच पोलीस ठाण्यात. हवालदाराने ओळखलं, खुर्ची दिली. म्हटलं, माझी बहीण हरवली आहे. त्याने कुणाला तरी आत जाऊन विचारलं, परत आला. म्हणाला, हरवलेल्या नाहीत. त्या गुरुवारी स्वतः येऊन जबाब देऊन गेल्यात. सुखरूप आहेत.

मला रडू फुटलं. पावडरीवरून ओघळ. मग विचारलं, कुठे आहे ती? ते सांगता येणार नाही, म्हणाला. मी म्हटलं, अहो, मी तिचा सख्खा भाऊ! तो म्हणाला, हो, तेही त्यांनी सांगितलंय. भावाला सांगू नका असं खास सांगून गेल्यात.

गुरुवारी. म्हणजे माझ्या बाहीचा दोरा तोडून ती सरळ तिथे गेली.

२ ऑक्टोबर, गुरुवार

बिशपांचं बोलावणं. सकाळी वाटलं होतं, प्रसारमाध्यमांचा विभाग माझ्याकडे देतील. दाढी दोनदा केली. आशा माणसाला काय काय करायला लावते!

बिशपांनी एकच विचारलं. पेटीतलं होतं का? मी पद्धत सांगायला लागलो. तीन गोष्टी बदलायच्या... त्यांनी डोळे मिटले आणि हात वर केला. पुढचं मला बोलू दिलं नाही.

कार्यक्रम बंद. प्रकरण रोमला जाणार. तोवर कन्फेशन ऐकायचं नाही, प्रवचन करायचं नाही. मी म्हटलं, लोकांची गैरसोय होईल. बिशपांनी खिडकीबाहेर पाहिलं. म्हणाले, तुमच्या पेटीत गेला महिनाभर किती लोक आले?

गेल्या शनिवारी एकही नव्हता. पाप घटलंय असं मी म्हणालो नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

कामाला सुट्टी. आत्मचरित्र लिहावं असा विचार. एक ओळ झाली. खोडली.

आता उमगतंय. शुक्रवारी महिला मंडळ, गाडी, ड्रायव्हर, स्वयंपाकीणबाई, सगळे एकाच कामाला गेले होते. बुधवारी जाहिरात बघून शिवणवालीने ओळखलं आणि दोन दिवसांत त्यांनी माझ्या बहिणीला आणि भाचीला बाहेर काढलं. एवढ्या बायका, आणि कुणाच्या तोंडून एक अक्षर नाही! निर्मातीबाई आणि मी मिळून जे सव्वासातला फोडणार होतो त्याच्या आत यांनी उरकलं.

काल दुपारी स्वयंपाकघरात गेलो तेव्हा आतून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. मी दारात दिसताच थांबला. धाकटी बरी असल्याशिवाय या हसणार नाहीत. तेवढ्यावरच रात्री झोप लागली. बातमी म्हणून मला मिळते ती एवढीच.

सूप वाढताना स्वयंपाकीणबाईंना म्हटलं, ती खुशाल आहे का, फक्त मान हलवा. त्यांनी मान हलवली नाही. मीठ पुढे सरकवलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

संध्याकाळी खाली कन्फेशन चाललंय. ऑर्गन मोठ्याने वाजतोय. मी खोलीत.

दारावर टकटक. मेहुणे. शर्टाला सुरकुत्या. पोलिसांनी त्यांना तिच्यापासून लांब राहायला बजावलंय, पण शोध थांबवलेला नाही. स्टेशनं पाहिली, शाळा पाहिल्या, ड्रायव्हरचा दोन दिवस पाठलाग केला, शिवणवालीच्या माहेरीही जाऊन आले. काही हाती लागलं नाही.

पहिल्यांदाच मला त्यांची भीती वाटली. दार त्यांच्या पाठीशी होतं. खाली ऑर्गन इतका मोठा की मी ओरडलो असतो तरी कुणी आलं नसतं. मनाशी म्हटलं, आता विचारतील, मारतील, पण मी बोलणार नाही. या वेळी तरी नाही. जीव गेला तरी चालेल. खरंच तयारी केली होती मी. खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो होतो.

त्यांनी काही विचारलं नाही. खोलीभर नजर फिरवली. टेबलावर फोटोच्या जागी राहिलेला चौकोन बघितला. मग मीच म्हटलं, मला ठाऊक नाही ती कुठे आहे, आणि ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं.

ते म्हणाले, मला माहितीय तुम्हाला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर केव्हाच टीव्हीवर आलं असतं.

तुच्छतेने नाही, साधं म्हणाले. लिफ्ट का बंद पडली ते सांगावं तसं. मी पाणी दिलं, ते पिऊन गेले.

माझ्या बहिणीला मारणाऱ्या माणसाला मी बरोबर कळलो. तिला मात्र मी कळलो नाही, म्हणून ती माझ्यापुढे गुडघे टेकून बसली आणि मला सगळं सांगितलं.